वहीत नाव आपलं, जाब कोणाचा?
(माणिकपूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन-तीन जणांनी विचारलं, की डेटा, गोपनीयता वगैरे कॉम्प्युटरवाल्यांचे विषय, इतिहासवाल्यांचं इथे काय काम? प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करतो.

आपण बसलोय त्या जागेपासून सेंट मायकल चर्च जवळच आहे. ते १६०६ सालचं. चर्च म्हटलं की दोन गोष्टी आल्या. एक वही, ज्यात बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांची नोंद होते. आणि दुसरं कबुलीजबाब, ज्याची कुठेच नोंद होत नाही. काय लिहायचं आणि काय कानातच ठेवायचं, हा फरक या गावाला कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आणि कानातलं बाहेर गेलं तर जबाबदार कोण, याबद्दलही तिथे शंका नाही. ज्याने ऐकलं तो.

सरकारी दवाखान्यात मात्र हा हिशेब इतका सरळ कधीच नव्हता. इथलंच बघा. एकेकाळी नवघर-माणिकपूर नगरपालिका होती. ३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली आणि ती नगरपालिका तिच्यात गेली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. म्हणजे एकाच आयुष्यात इथल्या माणसाची आरोग्याची नोंद किती कार्यालयांच्या हाताखाली आली! आपण मात्र कुठेच हललो नाही. अशा वेळी माझी माहिती कोणाकडे आहे, ती बाहेर गेली तर मी कोणाच्या दारात उभं राहायचं, हा प्रश्न इतिहासाचाच होतो.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक आरोग्यसेवेत माहितीची हेळसांड झाली तर जाब विचारायच्या वाटेवर दोन कुलपं आहेत. पहिलं, 'आम्ही सद्भावनेने केलं' हे. दुसरं जास्त अवघड आहे. जे नाव बाहेर गेल्यामुळे नुकसान झालं, तेच नाव जाब विचारण्यासाठी पुन्हा स्वतःच्या हाताने जाहीर करावं लागतं. ही कुलपं कधी लागली, आणि त्यातलं एखादं कोणी उघडलं का, ते आज बघू.

चार कलमांचा कायदा

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात प्लेग असल्याचं निदान डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी केलं. मूळचे गोव्याचे डॉक्टर. ऑक्टोबरमध्ये मुंबई महापालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवायचा हुकूम काढला. महिना संपायच्या आत, २९ ऑक्टोबरला, सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. राग औषधावर नव्हता. कोण आजारी आहे हे हुडकून काढून माणूस घरातून उचलून नेतात, यावर होता.

पुढच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १८९७ पासून, साथरोग कायदा आला. फक्त चार कलमं. हा कायदा वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दुसऱ्या कलमात सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार. तिसऱ्यात हुकूम न पाळणाऱ्याला दंड संहितेच्या १८८ कलमाखाली शिक्षा. आणि चौथं कलम असं, की या कायद्याखाली सद्भावनेने काही केलं असेल, किंवा करायचा हेतू असेल, तर त्या माणसावर दावा किंवा कोणतीही कायदेशीर कारवाई चालणार नाही.

आता या चार कलमांत रोग्याच्या वाट्याला काय आलं ते शोधा. लपवलंत तर शिक्षा, हे आहे. पण त्याची माहिती घेणाऱ्याने ती कशी वापरावी, याबद्दल एक अक्षर नाही. माहिती देणं हे कर्तव्य झालं, सांभाळणं हे कोणाचंच कर्तव्य झालं नाही. हे पहिलं कुलूप.

पुण्यात काय झालं ते तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. रँडसाहेबांची प्लेग समिती, गोऱ्या सोजिरांच्या झडत्या, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली रात्र, चापेकर बंधू. ते आम्ही पुन्हा सांगत नाही. त्याच वर्षातली एक बाजूला राहिलेली गोष्ट सांगतो.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून त्यांना पत्रं जात होती. झडत्यांच्या वेळी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकिकत त्या पत्रांत होती. गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात ती मांडली. खळबळ उडाली आणि सरकार म्हणालं, पुरावा द्या. गोखले परत आले, चौकशी करू लागले, आणि अडकले. पत्र लिहिणाऱ्यांची नावं उघड करणं शक्य नव्हतं. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्या घरातलं कोणीही पुढे येऊन 'हो, आमच्या घरी झालं' म्हणायला तयार नव्हतं. त्या काळातलं घर आणि त्या घराची अब्रू डोळ्यांपुढे आणा, कोण म्हणेल? शेवटी ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. या माफीपायी त्यांना पुढे कित्येक वर्षं टोमणे खावे लागले.

गोखल्यांच्या माफीची चर्चा नेहमी त्यांच्या मवाळपणाच्या अंगाने होते. आम्हाला त्यात दुसरंच दिसतं. आरोप खरा की खोटा, हे ठरलंच नाही. नाव सांगितल्याशिवाय चौकशी नाही, आणि नाव सांगितलं की घर उद्ध्वस्त. हे दुसरं कुलूप.

म्हापशाचं पोलीस ठाणं

आता ९२ वर्षं पुढे येऊ. १४ फेब्रुवारी १९८९. ठिकाण गोवा, बार्देश तालुक्यातलं पर्रा गाव. गावाचं रूप तुम्हाला परकं वाटणार नाही. डॉमिनिक डिसोझा नावाचा एक तरुण, वन्यजीव संरक्षणाच्या संस्थेत नोकरीला, नियमित रक्तदान करणारा. त्याला म्हापशाच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. तिथून त्याला रुग्णालयात नेलं. कशासाठी, हे सांगितलं नाही. त्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीत एका वहीचा उल्लेख येतो. तिच्यावर 'एड्स' असा शब्द होता, आणि आपलं काय झालंय हे त्याला त्यावरून उमगलं.

इथे जरा थांबू या. त्याने रक्त दिलं होतं दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून. त्या रक्ताची तपासणी झाली. निकाल सगळ्यात आधी कोणाला कळायला हवा होता? त्याला. तो कळला आधी पोलिसांना. ज्याची माहिती, त्यालाच ती सर्वांत शेवटी, आणि तीही वहीवरच्या अक्षरांतून.

पुढे ६४ दिवस त्याला क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत पहाऱ्यात कोंडून ठेवलं. आधार होता गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा, ज्यात एचआयव्ही बाधितांना वेगळं ठेवण्याची तरतूद केलेली होती. आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेल्या. लॉयर्स कलेक्टिव्हचे वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. डॉमिनिक सुटला. कायद्यातली विलगीकरणाची सक्तीही पुढे ऐच्छिक झाली. पण अंतिम निकालात न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत झगडा आला तर व्यक्तीने मागे सरायचं, असा त्याचा आशय.

खटला गाजला तो विलगीकरणावर. कोंडणं बरोबर की चूक, यावर. रक्तपेढीच्या कागदावरचं नाव पोलीस ठाण्यापर्यंत कसं गेलं आणि ते नेणाऱ्याचं काय, हा प्रश्न कोणाच्या फारसा ध्यानातही आला नाही. डॉमिनिकची नोकरी गेली. त्याने मात्र लपून बसायचं नाकारलं. नाव तर सगळ्यांना कळलंच होतं, मग त्याच नावाने तो बोलत राहिला. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. पुढे २००५ मध्ये आलेल्या 'माय ब्रदर निखिल' या चित्रपटामागे त्याच्याच आयुष्याची प्रेरणा होती.

डॉमिनिकने दुसरं कुलूप स्वतःच्या अंगावर घेऊन फोडलं म्हणा. पण प्रत्येकाने असं धैर्य दाखवावं ही अपेक्षा करता येत नाही. न्याय मिळायला हुतात्मा व्हावं लागत असेल तर तो न्याय नव्हे.

नावाशिवायचा माणूस

पुढची गोष्ट मुंबईची, आणि आमच्या मते आजच्या विषयातली सर्वांत महत्त्वाची. एका सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीत एक हंगामी कामगार होता. कायम करण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला आणि काम बंद झालं. माणूस धडधाकट, काम करू शकणारा. त्याला न्यायालयात जायचं होतं. पण याचिकेवर नाव घातलं की चाळीत, गावात, नातेवाइकांत, सगळीकडे बभ्रा.

गोखल्यांपुढे होता तोच हा पेच. फरक एवढाच, की या वेळी उच्च न्यायालयाने त्यातून वाट काढली. नाव झाकून खटला चालवायची परवानगी दिली. अर्जदार झाला 'एमएक्स' आणि कंपनी 'झेडवाय'. १९९७ साली निकाल लागला. केवळ एचआयव्ही आहे म्हणून, काम करायला लायक असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही. आज त्या निकालाचा आधार घेतला जातो, आणि तो माणूस कोण हे आपल्याला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच तो लढू शकला.

सगळंच चांगलं झालं असं नाही. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे दुसरं प्रकरण आलं. तेही टोपणनावानेच, 'मिस्टर एक्स'. रुग्णालयाने त्याची एचआयव्हीची माहिती बाहेर जाऊ दिली, ठरलेलं लग्न मोडलं, गाव सोडावं लागलं. त्याने भरपाई मागितली. ती मिळाली नाही. होणाऱ्या पत्नीच्या जिवाला धोका होता, तिला कळणं आवश्यक होतं, असं न्यायालय म्हणालं. त्या मुलीचा हक्क खराच, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण तिला सांगणं वेगळं आणि साऱ्या समाजाला कळणं वेगळं. या दोहोंतली रेषा तेव्हा कोणी नीट आखली नाही.

ती रेषा कायद्यात यायला आणखी १९ वर्षं गेली. एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यामागे बाधित लोकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं केलेली खटपट होती. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कलम ११ सांगतं, की नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या सांभाळण्याची व्यवस्था करायची, आणि त्या व्यवस्थेत संस्थेतल्या माणसांची जबाबदारी निश्चित करणंही आलं. म्हणजे 'रुग्णालयाकडून झालं' म्हणून भागत नाही, कोणाकडून झालं हे सांगावं लागतं. कलम ३४ प्रमाणे खटल्यात नाव झाकता येतं. 'एमएक्स'ला मिळालेली सवलत आता हक्क झाली. तिसरं, राज्याने लोकपाल नेमायचा. अण्णांच्या आंदोलनातला तो लोकपाल नव्हे. हा तक्रार ऐकणारा स्वतंत्र अधिकारी, आणि त्याने तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

कागदावर का होईना, इथे दोन्ही कुलपं उघडली. पण फक्त एका आजारापुरती.

२०२०, आपल्याच गल्लीत

मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने कोणता कायदा काढला? १८९७ चाच. चौथ्या कलमासकट. घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचं ठरलं. प्लेगात मुंबईच्या घरांवर खुणा रंगवत, आता खूण अंगावर आली. त्यामागची गरज आम्ही नाकारत नाही. भीती खरी होती, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घालून काम केलं.

पण त्या दिवसांतलं आमच्याच गटातलं एक उदाहरण सांगतो. कोणतं कार्यालय, कोणती इमारत, ते सांगत नाही. आमच्यातल्या एकाच्या घशातल्या स्रावाची तपासणी झाली. अहवाल त्याच्या हाती आला संध्याकाळी. दुपारीच इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली होती. नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर. फोटो सरळ टेबलावरच्या कागदाचा काढलेला. डॉमिनिकच्या वेळी वही होती, आता फोन होता, बाकी क्रम तोच. दूधवाला थांबला, कामाला येणाऱ्या मावशींना इतर घरांनी बंदी केली. आजार पंधरा दिवसांत बरा झाला, शेजाऱ्यांच्या नजरा निवळायला वर्ष गेलं.

तुम्ही विचाराल, तक्रार का नाही केलीत? विचार केला होता. अर्ज लिहायला घेतला. अर्जात काय लिहायचं? नाव, वय, पत्ता, आजार. म्हणजे जे बाहेर गेलं होतं तेच पुन्हा एका टेबलावर ठेवायचं. अर्ज तसाच राहिला. गोखल्यांना माफी का मागावी लागली, ते आम्हाला त्या संध्याकाळी कळलं.

दाराबाहेर फलक चिकटवण्याबद्दलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ डिसेंबर २०२० ला न्यायालयाने सांगितलं, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय असे फलक लावता येणार नाहीत. चांगलं झालं. पण तोवर साथीला नऊ महिने झाले होते, आणि आधी लागलेल्या फलकांचा जाब कोणी दिला नाही.

जून २०२३ मध्ये लसीकरणाच्या कोविन नोंदींतली माहिती टेलिग्रामवर मिळते आहे अशा बातम्या आल्या. नंबर टाकला की नाव, ओळखपत्राचा क्रमांक, लस कुठे घेतली ते. आरोग्य मंत्रालयाने आधी या बातम्या निराधार आणि खोडसाळ ठरवल्या. नंतर बिहारमधून अटक झाली. ज्यांची माहिती गेली, त्यांना कोणी कळवलं का? इथे बसलेल्यांपैकी ज्याला तसं पत्र आलं असेल त्याने हात वर करा. (सभागृहात हशा.)

नवा कायदा आणि जुनं शहाणपण

आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतायत. यात चांगलं आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणं बंधनकारक आहे. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. साथीच्या काळात उपचारासाठी संमतीशिवाय माहिती वापरता येते, पण ती सांभाळायची जबाबदारी सुटत नाही. अर्थात केंद्र सरकारला काही सरकारी यंत्रणा या कायद्यातून वगळताही येतात, हेही लक्षात ठेवा.

आता दंडाचा पैसा कुठे जातो ते बघा. भारताच्या संचित निधीत. ज्याचं नाव गल्लीभर झालं त्याला छदाम नाही. आणि समजा दंड एखाद्या महापालिकेला झाला, तर ती तो भरणार कशातून? आपल्याच घरपट्टीतून. म्हणजे माहिती आपली गेली, दंडही आपणच भरला, आणि ज्याने फोटो काढून पाठवला तो मात्र बदली होऊन दुसऱ्या टेबलावर. मोठा दंड म्हणजे मोठी जबाबदारी, हा समज चुकीचा आहे. टेबलावरच्या माणसापर्यंत पोहोचते ती जबाबदारी.

काही मंडळी म्हणतात, आपल्याकडे गोपनीयतेची कल्पनाच नाही, ती बाहेरून आली. त्यांनी घरी जाऊन कपाटातला एखादा मृत्यूचा दाखला काढून बघावा. त्यावर मृत्यूचं कारण नसतं. का नसतं? जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, त्याचं १७ वं कलम सांगतं, की नोंदीत कारण असलं तरी दाखल्याच्या उताऱ्यात ते द्यायचं नाही. सरकारला आकडेवारीसाठी कारण हवं, ते वहीत राहील. शेजाऱ्याला, सोयऱ्याला ते कळायचं कारण नाही. एका साध्या ओळीत किती शहाणपण आहे! मेलेल्या माणसासाठी १९६९ मध्ये जे जमलं, ते जिवंत माणसासाठी का जमू नये?

म्हणून आमचं मागणं छोटं आहे. नव्या कायद्याप्रमाणे माहिती ठेवणाऱ्या प्रत्येकाने, तिच्याबद्दल उत्तर देणाऱ्या माणसाचा संपर्क जाहीर करायचा आहे. आपल्या दवाखान्यात, लसीकरण केंद्रात, आरोग्य केंद्रात तो भिंतीवर लागला आहे का, ते विचारा. वही कोणी उघडली याची नोंद राहते का, विचारा. आणि तक्रार नाव झाकून करता येईल का, हे सगळ्यात आधी विचारा. एचआयव्हीच्या कायद्यात जे आहे ते क्षयासाठी, मानसिक आजारासाठी, पुढच्या साथीसाठी हवं.

कारण शेवटी हा प्रश्न अब्रूइतकाच आरोग्याचाही आहे. वहीची भीती वाटली की माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. प्लेगात लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, ते अडाणी होते म्हणून नव्हे. नाव दिलं की काय होतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

प्रश्नोत्तरांतून

व्याख्यानानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला. त्या आरोग्य सेविका आहेत. त्या म्हणाल्या, "साहेब, यादी वरून येते, घरोघर जायचं असतं, फोटो काढल्याशिवाय काम होत नाही. उद्या जबाबदारी आमच्याच गळ्यात पडणार ना?"

आम्ही म्हणालो, ताई, तुमची भीती रास्त आहे. सगळ्यात खालच्या माणसाला पकडून वरचे मोकळे, हाही आपल्याकडचा जुनाच इतिहास आहे. जिने यादी फोनवर पाठवायला लावली, तिला सुरक्षित साधन दिलं नाही, त्या व्यवस्थेचा जाब आधी घ्यायला हवा. म्हणूनच कोणी काय पाहिलं, कोणाच्या हुकमाने पाहिलं, ही नोंद हवी. ती नोंद रुग्णाला जितकी वाचवते, तितकीच तुम्हालाही वाचवते.

ताई म्हणाल्या, "मग ते भिंतीवर लावायचं नाव आमच्या साहेबांचं हवं, आमचं नको."

टाळ्या त्यांना पडल्या, आणि त्या योग्यच होत्या.